साखर लागलेली वचनं

बेकरीच्या मागच्या दाराशी एक पत्र्याचा डबा असतो. भट्टीतून निघालेले ट्रे खरवडले की जे निघतं ते सगळं त्या डब्यात पडतं. करपलेली साखर, तेलकट चुरा, जामचे वाळलेले ओघळ, कधी अंड्याचं कवच, कधी खरवडणाऱ्याच्या हाताचा केससुद्धा. संध्याकाळी डुकरं पाळणारा एक माणूस येतो आणि डबा रिकामा करून नेतो. त्या डब्यात माझा धाकटा भाऊ मनगटापर्यंत हात घालून उभा होता.

मी त्याच्या गोळ्या द्यायला गेले होते. सकाळी कामावर निघताना तो त्या घरीच विसरला होता. त्याची पाठ माझ्याकडे होती. खांदे हलत होते आणि तोंडातून एक आवाज येत होता, चिखलात रुतलेला बूट ओढून काढताना येतो तसा. त्यानं हात बाहेर काढला, बोटं एकेक करून चोखली, मग दोन बोटांमधली बेचकी चाटली, आणि पुन्हा हात आत.

कणीक मळणारा बाजूलाच उभा राहून हाताचं पीठ झटकत होता. तो म्हणाला, "ताई, तुमच्या या कोठाराला काहीतरी सांगा. डुकरवाला रोज आमच्याशी भांडतो. म्हणतो, माझी जनावरं वाळायला लागली."

बेकरीत धाकट्याला सगळे कोठारच म्हणत. कितीही ओता, भरायचं नाही.

धाकटा वळला. हनुवटीवरून तपकिरी लाळ ओघळली होती. "अगं ताई, तू कशाला आलीस एवढ्या लांब?" तो म्हणाला, आणि शब्दांबरोबर चुरा उडून माझ्या बाहीवर बसला. मी तो झटकला नाही. झटकायचा तर हात लावावा लागला असता.

धाकटा म्हणजे साठीला आलेला माणूस. बायको गेल्यापासून माझ्याकडे राहतो. मीही एकटीच, तेव्हा एका चुलीवर दोघांचं होतं. स्वभावानं गरीब, कुणाला उणंदुणं बोलणार नाही. पण खायला बसला की माझ्यानं त्याच्या समोर बसवत नसे. घास गिळायच्या आधी दुसरा तोंडात. ओठांच्या कडेला फेस. जेवण झाल्यावर ताटाला चिकटलेलं नखानं काढायचा, आणि मग नखात अडकलेलं दातानं. मी माझं ताट घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसायची.

त्याला साखरेचा आजार होता आणि डाव्या तळपायाला, अंगठ्याच्या खाली, एक जखम झाली होती. बुटातला खिळा टोचला, तर त्याला कळलंसुद्धा नाही. मोज्याला रक्त दिसलं तेव्हा कळलं. जखमेच्या कडा पांढऱ्या पडून लुसलुशीत झाल्या होत्या, पाण्यात राहिलेल्या पावासारख्या, आणि मधे हिरवट-पिवळं काहीतरी साठायचं. धुवायचं काम माझं. वासाचं काय सांगू? वास गोड होता, हेच मला सहन व्हायचं नाही. कुजलेल्या फळाचा असतो तसा. त्यात त्याच्या कपड्यांना बेकरीतल्या व्हॅनिलाचा वास. दोन्ही एकमेकांत मिसळले की कोणता पायाचा आणि कोणता पोटाचा, ते मला ओळखू यायचं नाही.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. "काका, साखर अशीच राहिली तर ही जखम भरणार नाही. मग घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल. पुढच्या तपासणीला मला साखर खाली आलेली दिसली पाहिजे. नाही दिसली, तर मी तुमच्याशी जेवणाबद्दल बोलणार नाही, तारखेबद्दल बोलेन."

"एक पाय गेला तर वजन आपोआप उतरेल की, डॉक्टर," धाकटा म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मीही हसले नाही. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "ताई, मला फार भीती वाटते गं." आणि खिशातून बिस्किट काढून खाल्लं.

उपाय सुचवला तो पाळकबाईंनी, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायकोनं. आम्ही दर रविवारी मंडळीत जातो, उपासनेला. धाकट्याला बायबलमधली वचनं तोंडपाठ, एवढी की पाळकसाहेब अडखळले तर हा मागच्या बाकावरून पुढचा शब्द पुरवतो. पाळकबाई म्हणाल्या, "अहो, एवढा खजिना घरात असून तुम्ही घाबरता कशाला? मोह झाला की वचन म्हणायचं. प्रभूनं रानात दुसरं काय केलं? उपाशी असताना सैतान म्हणाला, या धोंड्यांच्या भाकरी कर. तर माणूस नुसत्या भाकरीवर जगत नाही, हे वचनच प्रभूनं त्याच्या तोंडावर फेकलं ना?"

मला ते पटलं. घरी नियम केला. कुठल्याही डब्याचं झाकण उघडायच्या आधी एक वचन मोठ्यानं म्हणायचं. मला वाटलं, वचन आडवं येईल, हात मागे जाईल.

हात मागे गेला नाही. त्याला वचन म्हणजे नाक्यावरची जकात वाटली. भरली की गाडी पुढे. एकदा दुपारी मी बाहेरून आले तर स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडं, आणि दारामागून पुटपुट. मी डोकावून पाहिलं. जामची बरणी त्यानं छातीशी धरली होती, चमचा नव्हता, दोन बोटं होती. तोंड भरलेलं होतं आणि तशा भरल्या तोंडानं तो स्तोत्रातलं वचन म्हणत होता. माझ्या मुखापुढे पहारा ठेव, माझ्या ओठांचं दार सांभाळ. पहारा म्हणताना लाल गोळा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. दार म्हणताना तो दारातूनच बाहेर आला आणि शर्टावर पडला. त्यानं तो उचलून पुन्हा तोंडात टाकला.

"अरे, लाज वाटत नाही?"

"का? म्हटलं की वचन आधी! नियम कुठे मोडला?"

"वचन म्हटल्यावर खायचं नसतं रे मेल्या, थांबायचं असतं!"

"हे तू सांगितलं नव्हतंस," तो म्हणाला, आणि बोट चाटून बरणीचं झाकण लावलं.

मग थांबायचंही ठरलं. वचन म्हणायचं आणि झाकणाला हात न लावता खोलीबाहेर यायचं. तो प्रामाणिकपणे बाहेर यायचा. पण पिंजऱ्यातल्या जनावरासारखा येरझाऱ्या घालायचा, ओठ चाटायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा आत. पूर्वी तो आठवण झाली की खायचा. आता वचनं वाढली तशी आठवणही वाढली. अंघोळ करताना उपासनेतलं गाणं म्हणायचा आणि ओल्या अंगानं थेट कपाटाशी जायचा. मी हात टेकले. पाय धुताना मनात येई, कापूनच टाकू दे एकदाचा. मग स्वतःच्याच मनाची किळस यायची.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी मेंढपाळाचं स्तोत्र वाचायला घेतलं. हिरवी कुरणं, संथ पाणी, आणि मग शत्रूंच्या देखत वाढलेलं ताट. सगळ्यांची डोकी खाली. शांततेत मला एक आवाज ऐकू आला. घोट गिळल्याचा. पुन्हा. पुन्हा. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. धाकट्याचे डोळे मिटलेले, ओठ वाचनाबरोबर हलत होते, आणि खालच्या ओठावरून लाळेची तार निघून शर्टाच्या बटणापर्यंत गेली होती. ती तुटली, दुसरी सुटली. मांडीवरचं गीतांचं पुस्तक ओलं झालं होतं. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला. त्याच्या चेहऱ्यावर मात्र असं समाधान, जसं अंगावर पिणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर असतं. साठीच्या माणसाच्या तोंडावर ते बघवत नव्हतं.

रस्त्यात मी त्याला गाठलं. "काय चालवलं होतंस तिथे? चार माणसांत?"

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "तुला खरंच आठवत नाही, ताई? आईचा चमचा?"

आमच्या आईला वाचता येत नव्हतं. उपासनेत ऐकलेलं वचन ती घरापर्यंत जपून आणायची, हातात पाणी आणावं तसं, आणि सांडायच्या आत आमच्याकडून घोकून घ्यायची. न चुकता म्हटलं की जिभेवर चमचाभर साखर. मी थोरली, लवकरच कामाला लागले आणि माझं पाठांतर सुटलं. धाकटा मात्र वर्षानुवर्षं तिच्या पुढ्यात बसून जीभ बाहेर काढत राहिला.

"म्हणजे वचन म्हटलं की तुला—"

"आधी गोड लागतं, मग वचन आठवतं. कधीकधी नुसतं परमेश्वर म्हटलं तरी जिभेच्या टोकाला दाणे लागतात बघ."

मी रस्त्यातच थांबले. साखरेच्या रोग्याला मोह झाला की आम्ही त्याच्या जिभेवर साखर ठेवत होतो, तीही देवाच्या नावानं. मला भडभडून आलं. आईवर रागवावं, तर ती बिचारी कुठे चुकली होती?

वाचायला मी म्हातारपणी शिकले. ओळीखाली बोट ठेवून वाचते, त्यामुळे दुसरे लोक जिथून उड्या मारत पुढे जातात तिथे मी अडकते. असंच एकदा बायबलच्या जुन्या करारात अडकले होते. रानातले लोक रोजच्या मान्न्याला, देवानं आकाशातून दिलेल्या त्या अन्नाला, विटले आणि मांसासाठी रडायला लागले. देव रागावला. म्हणाला, देतो मांस, आणि एक-दोन दिवस नाही, महिनाभर खाल, तुमच्या नाकपुड्यांतून बाहेर येईपर्यंत खाल, त्याची तुम्हाला शिसारी येईल. हे आईनं कधी शिकवलं नव्हतं. असलं वचन घेऊन ती घरी कशाला येईल? म्हणजे यावर साखर चढली नव्हती.

पण नुसतं शिकवून भागणार नव्हतं. वचन कशावर तरी चढवावं लागतं, एवढं आईला कळलं होतं. तिच्याकडे साखर होती. माझ्याकडे पाय होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताना मी स्टुलावर आरसा टेकवला. पट्टी बदलताना धाकटा नेहमी छताकडे बघायचा. स्वतःचा तळपाय त्यानं एकदाही पाहिला नव्हता.

"नको, ताई."

"बघ."

"तू बघतेस ना? मग झालं."

"पाय तुझा आहे. बघ आरशात."

त्यानं पाहिलं. पट्टीचा शेवटचा पदर जखमेला चिकटला होता. मी तो भिजवून हळूहळू सोडवला तेव्हा त्याच्याबरोबर एक ओलसर पापुद्रा आला आणि मागून पिवळं पाझरलं. वास खोलीभर झाला. धाकट्यानं मान फिरवली. मी त्याची हनुवटी धरून पुन्हा आरशाकडे वळवली.

"आता माझ्या मागून म्हण."

मी एकेक शब्द सांगितला. नाकपुड्या म्हणेपर्यंत त्याला उमासा आला. मलाही आला. मी दात घट्ट मिटून जखम पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रोज असंच. वचन फक्त तेव्हाच म्हणायचं, जखम उघडी असताना आणि डोळे आरशावर असताना. ना आधी, ना नंतर.

एकदा आम्ही असे बसलो असताना पाळकबाई आल्या. हातात झाकलेली बशी. आमचा प्रकार त्यांनी दारातूनच ऐकला.

"अहो, हे काय चालवलंय? वचन म्हणजे काय एरंडेल आहे?"

"एरंडेलानं पोट साफ तरी होतं, पाळकबाई."

"देवाचा शब्द गोड असतो हो. असा पुवाबरोबर घोकायचा का?"

"गोडानंच हा पाय असा झालाय," मी म्हणाले. "बशीत काय आहे?"

त्या जरा चपापल्या. "केक आहे. बिनसाखरेचा! नुसता मध घातलाय."

त्यांनी झाकण काढलं. वर मलईचा जाड थर, पिवळसर, कडेनं पाझरत होता. धाकट्यानं केककडे पाहिलं, मग आरशाकडे, मग पुन्हा केककडे. त्याच्या गळ्याची घाटी खाली-वर झाली. ओठ हलायला लागले आणि चेहरा राखेसारखा होत गेला.

"पाळकबाई," तो म्हणाला, "तेवढं झाका ना. कृपा करा. पाझरतंय ते."

पाळकबाईंनी बशीकडे पाहिलं, मग पायाकडे, आणि त्यांच्याही ओठाची एक कड वाकडी झाली. झाकण घालून त्या बशीसकट परत गेल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे खाऊ येणं बंद झालं.

पण घर वेगळं आणि बेकरी वेगळी. तिथे डबा होता, आणि तिथे मी नव्हते. मला रोज वाटायचं, सगळं मुसळ केरात जाणार. एका दुपारी कणीक मळणारा धाकट्याला दंडाला धरून घरी घेऊन आला. धाकट्याच्या शर्टावर पुढे मोठा ओला डाग.

"काय झालं? चक्कर आली का?"

"चक्कर कसली, ताई? कोठार उलटं झालं! डबा उघडला, हात घातला, मूठ तोंडाशी नेली. मी म्हटलं, चला, डुकरं आज पुन्हा उपाशी. तर याचं काहीतरी पुटपुटणं सुरू. नाकपुड्या काय, शिसारी काय. आणि मग जे ओकला, जे ओकला! सगळं त्या डब्यातच." तो हसत होता, पण नाक मुरडूनच. "आता डुकरवाला म्हणतो, हा डबा मी नेणार नाही. आणि मालक म्हणतो, याला भट्टीपाशी ठेवू नका, पिठाच्या गोदामात टाका."

"बरं झालं," मी म्हटलं.

"बरं? मला दोनदा फरशी धुवावी लागली!"

तो गेल्यावर धाकटा खाटेवर बसला. त्याचा उजवा हात अजून मुठीत वळलेला होता. "ताई," तो म्हणाला, "डब्यातून मूठ काढली आणि मला वाटलं, मी माझाच पाय उकरून आणलाय."

मी पाणी आणलं आणि त्याची मूठ उघडून धुतली. बोटांच्या बेचकीत तीच खरवड होती. या वेळी मला ओकारी आली, आणि मी ती थांबवली नाही.

तपासणीचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी जखम दाबून पाहिली, कडा पाहिल्या, कागदावरचा आकडा पाहिला. धाकट्यानं माझा हात धरला होता, आणि त्याचा तळहात इतका ओला की मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता. मी सोडवला नाही.

"पाय राहील," त्या म्हणाल्या. "अंगठ्याचा थोडा भाग काळा पडलाय, तो मी काढणार. पण पाय राहील. काय केलंत एवढं?"

धाकट्यानं वचन सांगायला तोंड उघडलं. मी त्याला कोपरानं ढोसलं. "पथ्य पाळलं," मी म्हणाले.

"चांगलं पाळलंत. पण आता साखर जरा जास्तच खाली यायला लागली आहे. काका, तुम्ही जेवता ना? का उपाशीच राहता? गोळ्या चालू आणि पोट रिकामं, म्हणजे एक दिवस रस्त्यात पडाल. शिवाय जखम भरायला अंगात काहीतरी जायला हवं. वेळच्या वेळी, थोडं थोडं, पण जेवायचंच. नाहीतर एवढं करून फुकट."

हेच खरं होतं. तो जेवत नव्हता. गोड गेलं, तळलेलं गेलं, आणि त्यांच्या मागोमाग सगळंच गेलं. उकडलेला भोपळा समोर आला तरी त्याला तो पिवळा दिसायचा, आणि मऊ. घास उचलला की वचन घशात यायचं. मीही बारीक झाले होते. भांड्यात चमचा बुडाल्याचा आवाज आला तरी मला तो पापुद्रा आठवायचा.

घरी आल्यावर मी भोपळा आणि वाटाणे उकडले आणि त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्यानं एक फोड उचलली आणि परत ठेवली.

"नाही जमत, ताई."

"मनात दुसरं काहीतरी आण."

"काय आणू? आईची वचनं आणली तर लाळ सुटते, मग हे ताट सोडून मी जामच शोधीन. तुझं आणलं तर ओकारी." त्यानं ताट थोडं लांब सरकवलं. "असं एखादं दे ना, ज्याला चवच नाही."

मी पुस्तक घेतलं. स्तुती असेल तिथे साखर, शाप असेल तिथे पू. मेजवान्या नकोत, उपासही नकोत. दूध-मधाचा देश तर नकोच नको. बोट खाली खाली जात राहिलं आणि एका पानावर येऊन थांबलं. तिथे नुसती नावं होती. बाप, त्याचा मुलगा, त्याचा नातू. जन्मला, इतकी वर्षं जगला, मेला. दुसरं काही नाही.

मी पहिलं नाव वाचलं. मला नीट उच्चारता आलं नाही. धाकट्यानं ते म्हणून पाहिलं, त्यालाही आलं नाही.

"यानं काय केलं गं?"

"काही नाही. मुलगा झाला आणि मेला."

"खाण्याबिण्याचं काही?"

"एक अक्षर नाही."

धाकट्यानं फोड तोंडात घातली. चावली. मी त्याच्याकडे न बघता पुढचं नाव वाचलं, कारण बघितलं असतं तर मलाच ढवळलं असतं. तो नाव पुटपुटत चावत होता. नाव लांबलचक, त्यामुळे घासही लांबला. गिळल्याचा आवाज आला. मी कान देऊन थांबले. पुढे काही झालं नाही.

"हा कोण?"

"त्याचा मुलगा."

"आणि हा?"

"त्याचाही मुलगाच. पुढे बघ की, सगळे एकमेकांचे मुलगेच आहेत."

तो हसला. तोंडातला वाटाणा बाहेर उडाला आणि चटईवर घरंगळला. मी डोळे वटारले तसा तो ओशाळला. वाटाणा त्यानं उचलून तोंडात टाकला नाही, ताटाच्या कडेला ठेवला. माझ्या ताटात मी घेतलेलं तसंच पडून होतं. मीही एक फोड उचलली. तिला खरंच काही चव नव्हती.

"ताई," थोड्या वेळानं तो म्हणाला, "अजून एक पिढी होईल का?"

मी त्याच्या ताटात पाहिलं. दोन फोडी आणि थोडे वाटाणे उरले होते.

"होईल," मी म्हटलं. "पण नीट चावून खा. हा फार वर्षं जगलाय."